खांब, जोते की सज्जा? उंच टाचेच्या तीन रचनांची तुलना

वास्तुकलेचा प्रभाव मिरवणारी डिझायनर पादत्राणे पाहताना आपली नजर आकारावरच खिळते. विकत घ्यायची असतील, तर मात्र शरीराचा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने उतरतो, हे आधी पाहावे. त्या वाटेवरून उंच टाचांचे तीन प्रकार पडतात आणि त्यांना बांधकामाच्याच भाषेत खांब, जोते आणि सज्जा म्हणता येईल.

खांब म्हणजे स्टिलेटो, उंच आणि अगदी बारीक टाच. १९५०च्या दशकात पादत्राणकार रॉजर व्हिव्हिए यांनी डिओर या फॅशन कंपनीसाठी केलेल्या पादत्राणांमुळे ही टाच विशेष गाजली. इतकी बारीक टाच नुसत्या लाकडाची असती तर आडव्या धक्क्याने मोडली असती. आत पोलादी सळई आल्यावरच ती उभी राहू शकली. मात्र खांब जितका बारीक, तितका त्याच्या तळाशी दाब अधिक. ५० किलो वजनाच्या व्यक्तीचा सगळा भार क्षणभर एक चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर आला, तर तेवढ्याशा जागेवर पूर्ण ५० किलो पडतात, आणि म्हणूनच या टाचांनी लाकडी जमिनींवर खड्डे पाडले. लग्नाच्या लॉनवर त्या मातीत रुततात, हे वेगळे सांगायला नको.

जोते म्हणजे वेज, पावलाखाली सलग भरीव असलेली टाच, आणि तिघांत मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ती हीच रचना. इटालियन पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो पायाच्या कमानीखाली पोलादी पट्टी बसवत असत. इथिओपियावरील आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले आणि चांगले पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी टाच आणि तळवा यांच्यामधली पोकळीच कॉर्कने भरून काढली. कमान तोलून धरणारी पट्टी मग लागेना, कारण कमानीखाली आता भरीव आधार होता. १९३८ साली अभिनेत्री ज्युडी गारलंड यांच्यासाठी केलेल्या बहुरंगी सँडलमध्ये ही भरीव उंची लपवलेली नाही, उलट रंगीत थरांनी उठून दिसते. वेजचा दोष एवढाच, की तळ ताठ असल्याने पाऊल नीट दुमडत नाही आणि उंची जास्त असेल तर खडबडीत रस्त्यावर घोटा मुरगळण्याचा धोका राहतोच.

सज्जा, म्हणजे खालून आधार नसलेली टाच, हा प्रकार सर्वांत देखणा आणि सर्वांत हट्टी. २००३ साली रेम डी. कूल्हास आणि गॅलाहाड क्लार्क यांनी युनायटेड न्यूड ही पादत्राणांची कंपनी काढली. कूल्हास हे त्याच नावाच्या विख्यात वास्तुविशारदाचे पुतणे. त्यांच्या ‘मोबियस’ या पादत्राणामागे वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांच्या १९२९च्या बार्सिलोना खुर्चीची प्रेरणा होती, आणि त्यात तळवा, टाच व वरचा भाग एकाच सलग पट्टीतून वळत जातात. याच कंपनीसाठी वास्तुविशारद झाहा हदीद यांनी २०१३ साली केलेल्या ‘नोव्हा’मध्ये सुमारे १६ सेंटिमीटर उंचीवरची टाच अधांतरी राहते. सज्जाचा भार जसा भिंतीतल्या पकडीवर येतो, तसा इथे टाचेवरचा भार ताठ तळातून पुढे चवड्याखाली जातो. चालताना मात्र आपण आधी टाच टेकवतो, आणि इथे टेकवायला टाचच नाही. त्यामुळे चालण्याची लकबच बदलावी लागते. हदीद यांनीच २००८ साली मेलिसा या ब्राझिलियन कंपनीसाठी केलेली साच्यातली प्लास्टिकची पादत्राणे त्या मानाने पायाशी बरीच समजूतदार आहेत.

एकच जोड घ्यायचा असेल आणि तो दिवसभर पायात राहणार असेल, तर मी मध्यम उंचीचा वेज सुचवीन. बैठकीपुरता किंवा सपाट, टणक फरशीच्या समारंभापुरता उपयोग असेल, तर स्टिलेटो चालेल. ‘नोव्हा’सारखी वस्तू ज्यांना शिल्प म्हणून घरात ठेवायची आहे, त्यांनीच घ्यावी. निवडीत दुरुस्तीचाही विचार असू द्यावा: स्टिलेटोची झिजलेली टीप कोपऱ्यावरचा चांभार बदलून देतो, वेजचा सुटलेला थर चिकटवून देतो, पण अधांतरी टाचेला तडा गेला, तर तो जोड बहुधा कपाटातच राहतो.