हार्डी किवीची रोपं: टॅगवर अ‍ॅना, मांडवावर अण्णा

रिव्ह्यू सहा वर्षांनी लिहितेय, कारण या वेलीने पहिलं फूल दाखवायलाच चार वर्षं घेतली.

२०१९ मध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या परसात तीन रोपं लावली. दोन 'अ‍ॅना' जातीच्या माद्या, एक 'मीडर' नर. हिच्यात नर-मादी वेली वेगळ्या असतात. सहा-आठ माद्यांना एक नर पुरतो. ऑनलाइन नर्सरीचं नाव लिहीत नाही. पॅकिंग उत्तम, मुळं ओलसर. टॅगवरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून आमचे हे पहिल्याच दिवशी म्हणाले, "अण्णा आले!"

माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागेतलं. तरी मांडवात चुकलेच. हौसेने लाकडी कमान घातली, ती तिसऱ्या वर्षी ओझ्याने वाकली. मग लोखंडी खांब आणि जीआय तार. उन्हाळ्यात फुटवे इतके की दर पंधरा दिवसांनी कात्री हातात. मुख्य छाटणी मात्र थंडीतच उरकायची. रस चढल्यावर कापलं तर काडी नळासारखी गळते. उणे तीस डिग्री सोसणारी ही वेल, पण २०२० च्या मे महिन्यात एका रात्रीच्या दंवाने कोवळी फूट काळी पडली. शेजारचं मांजर खोडाशी येऊन लोळायचं, पानं चावायचं, ते वेगळंच. जाळी लावली.

२०२३ ला फुलं आली. मादीच्या फुलात मधोमध पांढऱ्या तंतूंचं चक्र असतं. एका 'अ‍ॅना'त ते नव्हतंच, नुसते काळपट पुंकेसर. म्हणजे खरोखरच अण्णा! फोटो पाहून नर्सरीने वाद न घालता नवं रोप फुकट पाठवलं, पण ते पेन्सिलीएवढं, आणि इथे अंगठ्याहून जाड खोड मांडवावर चढलेलं. ते उपटायचा धीर होईना. खऱ्या अ‍ॅनाच्या काड्या घेऊन पाचर कलम केलं. पाचांतली तीन लागली.

फळ द्राक्षाएवढं, लव नाही, सालीसकट खायचं. बिया काळ्या झाल्या की सप्टेंबरात टणकच तोडायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि लागतील तशी बाहेर काढून मऊ होऊ द्यायची. दुकानातल्या किवीहून कितीतरी गोड. जातीचं मूळ नाव 'अननस्नाया', अननसासारखी. तो वास खरंच येतो.

वेलीला पाच तारे, टॅगला एक. फुकटचं रोप कुंपणाशी लावलंय. ताई की दादा, ते फुलल्यावर ठरवू.