वेबटून अ‍ॅप: वाचायला चोख, सुचवायला कच्चं

मेट्रोत उभं राहून, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वाचता येईल अशी चित्रकथा हवी असेल तर वेबटून अ‍ॅपला तोड नाही. पुण्यात वनाझहून रामवाडी येईपर्यंत पाच-सहा भाग सहज होतात. पण "आता पुढे काय वाचू?" हा प्रश्न याच अ‍ॅपला विचारू नये. हॉटेलात वेटरला "आज काय चांगलं आहे?" विचारलं की जे आधी खपवायचं असतं त्याचं नाव पुढे येतं. इथेही तसंच आहे.

आधी जमलेल्या गोष्टी. कोरियाच्या नेव्हर कंपनीची ही सेवा तिकडे २००४ पासून आहे, इंग्रजीत २०१४ पासून. चित्रं वरून खाली सरकतात आणि दोन चौकटींमधली मोकळी जागा वेळेचं काम करते. लांब पांढरी पट्टी म्हणजे शांतता. तिच्या टोकाला अचानक चित्र आलं की दचका. 'चिंटू'च्या चौकटी एका नजरेत दिसतात, तिथे पुढची चौकट लपवायला जागाच नसते. इथे असते, म्हणून भयकथा आणि रहस्यकथा या मांडणीत विशेष रंगतात. भाग आधी उतरवून ठेवायची सोय आहे. स्वारगेटकडे जाताना मेट्रो जमिनीखाली शिरते, तिथे नेटच्या भरवशावर राहण्यापेक्षा ते बरं. फक्त उतरवलेल्या भागांना मुदत असते. महिनोन्‌महिने साठवून ठेवण्याचा बेत करू नका.

अ‍ॅपच्या भाषांत मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजीवरच भागवावं लागतं.

आता कच्चे दुवे. अ‍ॅपमध्ये दोन दुकानं आहेत: कंपनीने पैसे देऊन करवून घेतलेल्या 'ओरिजिनल्स' आणि कुणीही चढवू शकेल असा 'कॅनव्हास'. दर्शनी पान बहुतेक ओरिजिनल्सचं. कॅनव्हासमध्ये खजिना आहे, पण लोकप्रियतेच्या क्रमाने शोधलं की वर तीच ती नावं येतात. तिथे प्रकार निवडून खालपर्यंत उतरावं आणि मालिका उघडली की चित्राआधी भागांची यादी पाहावी. प्रत्येक भागापुढे तारीख असते. शेवटच्या पाच तारखांमध्ये सारखं अंतर असेल तर हात घाला. अंतर दुप्पट-तिप्पट होत गेलं असेल आणि सर्वांत वरच्या भागाचं नावच 'हायेटस' (म्हणजे खंड) असेल, तर ती गोष्ट अर्धवट सुटली असं धरून चाला.

कॅनव्हासवर आणखी एक फसगत होते. तिथे चढवायच्या चित्राची रुंदी ८०० पिक्सेल आणि उंची १२८० पर्यंत. छापील पानाच्या बेताने, एका पानात सहा-सात चौकटी काढलेलं काम या मापात कोंबलं की फुग्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठं करून पाहिलं तर अक्षरं पुसट, कारण तपशील मुळातच गेलेला असतो. अशा मालिकेचं स्वतंत्र संकेतस्थळ असेल तर तिथे लॅपटॉपवर वाचावी. उलट, अंगठ्यासाठी काढलेली मालिका लॅपटॉपवर उघडली की पडद्याच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी आणि दोन्हीकडे रिकामं मैदान.

सर्वांत जास्त तक्रारी होतात त्या 'डेली पास'वरून. पूर्ण झालेल्या अनेक मालिका यात टाकल्या जातात: सुरुवातीचे काही भाग मोकळे, पुढे दिवसाला एक, आणि शेवटचे थोडे कॉइन (अ‍ॅपमधलं विकतचं चलन) मोजूनच. हा पास संगणकावर चालत नाही, अ‍ॅपमध्येच चालतो. दिवसाला एक या हिशोबाने १५० भागांची मालिका जवळजवळ शेवटपर्यंत फुकट वाचायची तर पाचेक महिने. दोन वर्षांपूर्वी मोकळी वाचलेली मालिका आज पासात गेलेली असू शकते, म्हणून कुणाला सुचवण्याआधी एकदा उघडून खात्री करा. चालू मालिकांचा 'फास्ट पास' वेगळा. तो पुढचे भाग आधी वाचण्यासाठी. त्यावर पैसे घालायची गरज नाही, थांबलं की ते भाग आपोआप मोकळे होतात.

मग शोधायचं कुठे? 'पिपेर्का' हे संकेतस्थळ दिसायला जुनाट, पण कामाचं. यात वेबकॉमिकची, म्हणजे नेटवर भागाभागाने येणाऱ्या चित्रकथांची, मोठी यादी आहे, वाचकसंख्येने किंवा अक्षरानुक्रमे लावता येते, आणि तुम्ही कुठल्या पानापर्यंत आलात ती खूण ठेवून किती पानं उरली ते सांगतं. एखाद्या चित्रकाराने संकेतस्थळाची रचना बदलली की इथली मोजणी अडकते. आकडा दोन महिने हलला नाही तर मूळ स्थळावर जाऊन पाहा.

दुसरी सोय आरएसएस फीडची, म्हणजे स्थळावर नवं पान आलं की आपल्यापर्यंत आपोआप पोचवणाऱ्या यादीची. फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचायच्या सेवांपैकी एकीत फुकट खातं काढा (फीडलीच्या फुकट खात्यात १०० फीड बसतात) आणि कॉमिकचा पत्ता चिकटवा. सापडलं नाही तर वर्डप्रेसच्या स्थळाला शेवटी 'फीड', टम्ब्लरच्या स्थळाला 'आरएसएस' हा शब्द इंग्रजीत जोडून पाहा. पहिल्यांदा सगळे गोंधळतात ते इथे: फीडमध्ये फक्त अलीकडची पानं येतात. जुनं सगळं मूळ स्थळावर वाचून संपवायचं, फीड पुढच्यासाठी. काही फीडमध्ये चित्र नसतं, नुसता दुवा असतो. त्यावर कुरकुर नको. अनेक चित्रकारांचं पोट स्थळावरच्या जाहिरातींवर चालतं.

कुठून सुरुवात करायची हे मालिकेवर ठरतं. 'डायनोसॉर कॉमिक्स'मध्ये २००३ पासून चित्रं तीच आहेत, फक्त संवाद बदलतात; कुठलंही पान उघडा. 'गर्ल जीनियस' मात्र मधूनच वाचायला घेतलं तर काहीच कळणार नाही. २००९ ते २०११ सलग तीन ह्यूगो (विज्ञानकथांसाठीचे) पुरस्कार मिळालेली ही कथा २००५ पासून आठवड्याला तीन पानं या वेगाने येते आहे, म्हणजे पानं तीन हजारांच्या घरात. रोज वीस वाचली तर पाच महिने. 'गनरक्रिग कोर्ट'ची सुरुवातीची चित्रं ओबडधोबड आहेत. पहिली दोन प्रकरणं पाहून सोडणाऱ्यांचं नुकसान होतं. प्राण्यापक्ष्यांची आवड असेल तर नागपूरच्या रोहन चक्रवर्ती यांचं 'ग्रीन ह्युमर' घ्या, आकाराने लहान, पाठोपाठ वाचायची सक्ती नाही. 'होमस्टक'चं नाव कुणी सुचवलं तर सावध राहा: त्यातले कित्येक तुकडे फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या तंत्रात होते आणि २०२० अखेर फ्लॅश बंद पडलं, त्यामुळे ते तुकडे जसेच्या तसे दिसतीलच याची खात्री नाही.

आणि ग्रुपवर 'एक्सकेसीडी' हे विनोदी वेबकॉमिक पाठवणाऱ्यांना: स्क्रीनशॉट नको, दुवा पाठवा, तोही मोबाइल आवृत्तीचा. चित्रावर माउस ठेवल्यावर जी ओळ उमटते त्यात अर्धा विनोद असतो. फोनवर माउस नाही. मोबाइल आवृत्तीत टिचकी मारली की ती ओळ दिसते, स्क्रीनशॉटमध्ये ती येतच नाही.