पाढ्यांचं लाकडी किट, जूनपासून वापरून: बोर्ड छान, खुंट्यांचा हिशेब चुकलेला

पेटीत भोकांचा बोर्ड, त्यात खोवायच्या रंगीत खुंट्या, खिळ्यांची गोल चकती आणि मागे उत्तर असलेली कार्डं असतात. थेट मुद्द्यावर येते. शंभर भोकांचा बोर्ड उत्तम आहे. खुंट्या मात्र अशा दिल्यात की त्या बोर्डाचा निम्मा उपयोग वाया जातो, आणि याबद्दल कंपनीकडे कुणी ऐकूनच घेत नाही.

मी पुण्यात पर्वती पायथ्याला संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांचा वर्ग घेते. फी नसते. किट अप्पा बळवंत चौकातून ८५० रुपयांना घेतलं ते माझ्या पैशांतून, त्यामुळे वसुलीचा विचार करणारच. या मुलांना पाढे सुरात येतात. पण सात आठे किती विचारलं की सात एके सातपासून पळत यायचं, आणि मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. भागाकार नि लसावि इथेच अडतात.

बोर्डाने पहिल्याच आठवड्यात एक मोठं काम केलं. ७ च्या ८ ओळी लावल्या, बोर्ड आडवा फिरवला, की ८ च्या ७ ओळी दिसतात. १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार. अशा जोड्या एकदाच धरल्या की ५५ राहतात. १, २, ५ आणि १० चे बहुतेकांना येतातच, ते वगळले की फक्त २१. ते एकवीस एका कागदावर लिहून दाखवले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ताई, एवढेच?" शाळेत पाढ्यांना घाबरून मागच्या बाकावर बसणारा मुलगा आहे हा.

आता खुंट्या. सात आठे अडलं तर मी पाचच्या आधाराने जाते: आठ-आठच्या पाच ओळी एका रंगात, म्हणजे ४०, उरलेल्या दोन ओळी दुसऱ्या रंगात, म्हणजे १६, मिळून ५६. पण किटमध्ये रंग पाच आणि प्रत्येकी खुंट्या २०! एका रंगाच्या ४० आणायच्या कुठून? रंग मध्येच बदलतो आणि मूल गुणाकार सोडून रंग मोजायला लागतं. दोनच रंग, प्रत्येकी ५०, एवढंच हवं होतं. पाच ओळी दहा-दहाच्या लावल्या तरी ५० पुरतात, म्हणजे या बोर्डावरचा कुठलाही गुणाकार त्यात बसतो. खुंट्या तेवढ्याच, खर्चही तेवढाच. बनवणाऱ्याने एकदा तरी मुलासोबत बसून सात आठे लावून बघायला हवं होतं.

फोन केला. "मॅडम, सुट्या खुंट्या मिळत नाहीत, दुसरं किट घ्या." दुसरं घेतलं तरी एका रंगाच्या ४०च होतात, म्हणजे नऊ पंचे पंचेचाळीसला पुन्हा पाच कमी. हे समजावून सांगितलं तर तक्रार क्रमांक दिला, बाकी काही नाही. जास्तीची एकही खुंटी पेटीत नसते, एक हरवली की गेली.

शेवटी मंडईतून चिंचोके आणले आणि पटाच्या खेळासाठी फोडतात तसे फोडले. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. शहाबादी फरशीवर खडूने दहा बाय दहाचे चौकोन आखले. सहावीतल्या एका मुलीने पाच ओळी पांढऱ्या ठेवल्या, दोन तपकिरी, आणि सुरुवातीपासून न म्हणता "चाळीस नि सोळा, छप्पन्न" म्हणाली. मग आपणच खाली आणखी एक तपकिरी ओळ जोडून आठ आठेवर पोचली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी दुसरं काही शिकवलंच नाही.

दिवाळीनंतरची भर: किटमधली खिळ्यांची गोल चकती मला आधी नुसतं खेळणं वाटली होती. मत बदललंय. ० ते ९ असे दहा खिळे, उत्तराच्या एककावर दोरा गुंडाळत जायचं. ४ च्या पाढ्याची पाच टोकांची चांदणी होते, ६ चीही तीच, फक्त उलट दिशेने. ३ आणि ७ ची दहा टोकांची. एकाने सहा साती चव्वेचाळीस म्हणून दोरा २ ऐवजी ४ वर नेला आणि चांदणी बिघडली. मला काही बोलावं लागलं नाही, त्याने स्वतःच दोरा सोडवला. मर्यादा एकच: ४२ ऐवजी ५२ म्हटलं तरी चांदणी तशीच येते, म्हणून दशकाचं बोर्डावरच पाहावं लागतं.

कार्डांचा कागद पातळ आहे, मागचं उत्तर दिसतं. ती मी वापरत नाही.

ज्यांना घरी एका मुलासाठी हवंय त्यांनी ८५० रुपये घालू नयेत. प्लायवूडचा तुकडा, दहा खिळे, दोरा आणि चिंचोके यांत काम होतं. वर्गासाठी बोर्ड मात्र हवाच, खुंट्या खोवलेला बोर्ड उचलून सगळ्यांना दाखवता येतो. खुंट्या ५०-५० केल्या तर आणखी दोन किट घेईन, असं कंपनीला लेखी कळवलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.