फोटोरेक आणि फॉन्टफोर्ज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुसलेल्या फाइली परत शोधून देणाऱ्या फोटोरेक या सॉफ्टवेअरला मी मे महिन्यात तीन स्टार दिले होते. आज पाच देते आहे. फाइलींच्या नावांवरून आलेला राग मात्र तसाच आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

सेलूत मी घरीच लग्नपत्रिका करते. पानं मांडायला पेजमेकर हे सॉफ्टवेअर, मजकुराला कृतिदेव फॉन्ट, आणि नावांसाठी एक जाड, वळणदार फॉन्ट. तो ज्यांच्याकडून विकत घेतला त्यांचं दुकान कधीच बंद झालं. ऐन लग्नसराईत लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि कॉम्प्युटर चालू होईना. परभणीला एका दुकानात दिला. "ताई, विंडोज नवीन टाकून दिलं, डी ड्राइव्हला हात लावला नाही." अहो, पण फॉन्ट सी ड्राइव्हवर असतात! एक फोन करून विचारायला काय झालं होतं? वर फॉन्ट परत आणायचे ४,५०० सांगितले, तेही गॅरंटी नाही म्हणून. विंडोजचे ६०० टेकवले आणि कॉम्प्युटर घरी आणला.

पत्रिका उघडली तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच. या जुन्या फॉन्टांत मजकूर इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेला असतो; फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडात मराठी अक्षरांना स्वतःची घरं असतात, म्हणून त्यात केलेलं काम मंगल, निर्मला, कुठल्याही मराठी युनिकोड फॉन्टात वाचता येतं. कृतिदेव झेरॉक्सवाल्या भाऊंकडून तासाभरात मिळाला. वळणदार फॉन्ट कोणाकडेच नव्हता, आणि पंधरा वर्षांच्या पत्रिका त्याच्यावर उभ्या.

डिस्क काढून पुतण्याच्या कॉम्प्युटरला जोडली आणि फोटोरेक चालवलं. नावात फोटो असला तरी ते फॉन्टही शोधतं, आणि फुकट आहे. डिस्कवर ते काही लिहीत नाही, फक्त वाचतं. सापडलेल्या फाइली ठेवायला मात्र दुसरी डिस्क द्या, नाहीतर जे शोधताय त्याच्यावरच लिहिलं जाईल. ‘फाइल ऑप्ट’ या पर्यायात जाऊन एस दाबा, सगळ्या खुणा निघतात. मग फक्त टीटीएफवर, म्हणजे फॉन्टच्या फाइलींवर, खूण करा. मधे दोनदा लाईट गेली. मी डोक्याला हात लावला. पण पुन्हा चालू केल्यावर त्याने स्वतःच विचारलं, मागचं काम पुढे न्यायचं का? जिथे थांबलं होतं तिथून पुढे निघालं. आपल्याकडच्या लाईटीला हीच सोय पाहिजे.

आता नावं. ६१२ फॉन्ट निघाले आणि एकालाही नाव नाही! एफ, पुढे लांबलचक आकडा, संपलं. हे सॉफ्टवेअर फाइलींची यादी बघतच नाही, डिस्कवर फाइलीची सुरुवात ओळखून ती उचलतं, म्हणून नाव राहत नाही. कारण कळलं, तरी ६१२ वेळा डबल क्लिक मीच केलं. खरं नाव फॉन्टच्या पोटात असतं, उघडला की वर दिसतं. वही घेऊन तीन रात्री बसले. निम्म्याहून जास्त विंडोजचेच निघाले. माझा फॉन्ट ४३८वा. तेव्हा तीन स्टार दिले ते या तीन रात्रींमुळे.

आणि तो फॉन्ट फाटलेला होता. फाइलीचे तुकडे डिस्कवर वेगवेगळ्या जागी पडलेले असले की फोटोरेकला ते नीट जुळवता येत नाहीत. फॉन्टफोर्ज या फॉन्ट दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर काही घरं रिकामी, त्यात ‘दुसऱ्या’तला र. मराठीत त्याच्यावाचून चालत नाही; दऱ्यांचा दर्या होतो. आणि माझ्या प्रत्येक पत्रिकेत ‘सग्यासोयऱ्यांसह’ असतंच.

पुतण्या म्हणाला, "काकू, जुन्या पीडीएफ असतील की." व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवलेल्या होत्या. पीडीएफमध्ये फॉन्ट जातो, पण बहुधा त्या पत्रिकेत वापरलेल्या अक्षरांपुरताच. नावाआधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असतं, त्यावरून ओळखायचा. फॉन्टफोर्जच्या उघडण्याच्या खिडकीत पीडीएफमधून काढायची सोय आहे. २०१९च्या एका पत्रिकेतून तो र निघाला. कॉपी केला, रिकाम्या घरात चिकटवला, फॉन्ट पुन्हा तयार केला. नाव जुनंच ठेवलं, कारण पेजमेकर नावानेच शोधतो. पत्रिका उघडली, ‘सग्यासोयऱ्यांसह’ जसंच्या तसं. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून तीन जणांच्या पेन ड्राइव्हवर फोटोरेक चालवलं, तिन्ही वेळा काम झालं. भाच्याच्या लॅपटॉपवर काहीच मिळालं नाही. त्यात एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क आहे, आणि पुसलेल्या फाइलींची जागा ती मागच्या मागे खरोखर रिकामी करून टाकते. दुकानात ४,५०० दिले असते तरी हेच झालं असतं.

फॉन्टची कॉपी ठेवताना एक बघा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधं इन्स्टॉल दाबलं की फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जात नाही, तुमच्या युजरच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरात जातो. मी पहिली कॉपी घेतली त्यात हे राहिलेच होते. आता दोन्ही फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर आहेत.

‘ऋ’ आणि ‘ङ’ अजून कुठल्याच पीडीएफमध्ये सापडलेले नाहीत. नवरीचं नाव ऋतुजा असलं की ते नाव मी दुसऱ्या फॉन्टात घेते, आणि ते वेगळं दिसतं.