महिला महाविद्यालयीन बास्केटबॉल: चुरस पाहायची असेल तर कोणती कॉन्फरन्स निवडावी?

अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि 2024-25 च्या हंगामात ते 31 कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांत, विभागलेले होते. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये आधी साखळी सामने होतात, मग बाद पद्धतीची कॉन्फरन्स स्पर्धा, आणि शेवटी देशभरातले निवडक संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालणारा हा पसारा सगळाच्या सगळा पाहणे कोणालाही शक्य नाही. एखादी कॉन्फरन्स धरावी आणि तिचे संघ, प्रशिक्षक व जुनी वैरे हळूहळू ओळखीची करून घ्यावीत, हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग आहे. ज्यांची मुलगी एखाद्या विद्यापीठात शिकते किंवा ज्यांनी स्वतः तिथे पदवी घेतली आहे, त्यांची निवड झालेलीच असते. हा आढावा उरलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना कोणाचेही नाव पाठीशी न लावता अनिश्चित निकालाचे सामने पाहायचे आहेत त्यांच्यासाठी. येथील सारी तुलना 2025 च्या एप्रिलपर्यंतच्या निकालांवर आधारलेली आहे.

आधी चुरस आणि ताकद यांची गल्लत टाळली पाहिजे. देशातले सर्वोत्तम संघ एकाच कॉन्फरन्समध्ये असले, तरी तिथला प्रत्येक सामना रंगेलच असे नाही. उलट त्या संघांपुढे बाकीचे निष्प्रभ ठरण्याचा संभव अधिक. एक साधा हिशेब उपयोगी पडतो. सोळा सामन्यांच्या साखळीत सगळे संघ अगदी तुल्यबळ असते, तर बहुतेकांचे विजय सहा ते दहाच्या दरम्यान राहिले असते आणि एखाद्या संघाने पंधरा किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता चार हजारांत एक इतकीच उरली असती. 2025 मध्ये एसईसीच्या (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) साखळीत साउथ कॅरोलायना आणि टेक्सास या दोन्ही संघांनी सोळापैकी पंधरा सामने जिंकले. अव्वल मानांकन कोणाला द्यायचे हे शेवटी नाणे उडवून ठरवावे लागले.

एसईसीची ताकद वादातीत आहे. प्रशिक्षक पॅट समिट यांच्या टेनेसीने 1987 ते 2008 या काळात आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. डॉन स्टॅली यांच्या साउथ कॅरोलायनाने 2017, 2022 आणि 2024 मध्ये, तर किम मल्की यांच्या एलएसयूने (लुइझियाना स्टेट) 2023 मध्ये. 2024 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर ही कॉन्फरन्स सोळा संघांची झाली. त्यानंतरच्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत तिचे दहा संघ उतरले आणि त्यांपैकी सहा अंतिम सोळांत पोहोचले. मात्र अग्रस्थानाच्या शर्यतीत फारसे काही घडत नाही. साउथ कॅरोलायनाने 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी साखळीत एकही सामना गमावला नाही, आणि 2022 पासूनच्या चारही साखळ्यांचे विजेतेपद एकट्याने किंवा वाटून घेतले. कॉन्फरन्स स्पर्धेत 2022 साली केंटकीने सातवे मानांकन असताना अंतिम सामन्यात त्यांना 64-62 असे हरवले होते. त्यानंतरच्या तिन्ही स्पर्धा पुन्हा साउथ कॅरोलायनाकडेच गेल्या. टेक्सासच्या येण्याने हे चित्र काहीसे हलले, कारण फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी साउथ कॅरोलायनाला 66-62 असे नमवले. पण त्यातून एका सत्तेच्या जागी दोन सत्ता आल्या, इतकेच. उत्तम खेळ पाहायचा असेल तर एसईसीला पर्याय नाही. निकालाची हुरहुर हवी असेल तर येथे तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांचे आपसांतले सामने शोधून पाहावे लागतात.

बिग टेनचे म्हणणे आकड्यांवर उभे आहे आणि ते आकडे थोडे फसवे आहेत. लॉस एंजेलिसची यूसीएलए व यूएससी, तसेच ओरेगॉन आणि वॉशिंग्टन आल्यावर अठरा संघांची झालेल्या या कॉन्फरन्सचे 2025 मध्ये बारा संघ राष्ट्रीय स्पर्धेत होते, जो विक्रम ठरला. अंतिम सोळांत मात्र त्यांतले तीनच उरले: यूसीएलए, यूएससी आणि मेरिलँड. मधली फळी रुंद आहे, पण उंच नाही. त्या मधल्या फळीत मात्र रंगत खरी आहे. केटलिन क्लार्कच्या काळात आयोवाने 2022 ते 2024 अशा सलग तीन कॉन्फरन्स स्पर्धा जिंकल्या, तरी साखळीचे विजेतेपद 2022 मध्ये ओहायो स्टेटबरोबर वाटून घ्यावे लागले, 2023 मध्ये ते इंडियानाकडे आणि 2024 मध्ये ओहायो स्टेटकडे गेले. साऱ्या देशाचे डोळे जिच्यावर खिळलेले होते, त्या खेळाडूच्या संघाला घरच्या साखळीत एकट्याने वर्चस्व मिळवता आले नाही, ही गोष्ट त्या वेळच्या गाजावाजात दुर्लक्षिली गेली. नव्या रचनेच्या पहिल्या हंगामात वरची दोन स्थाने लॉस एंजेलिसला गेली. 2025 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेआधी यूसीएलए फक्त यूएससीकडून, तेही दोनदा, हरले होते. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्याची परतफेड 72-67 अशी झाली. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाबतीत या कॉन्फरन्सची झोळी आश्चर्यकारकरीत्या हलकी आहे: सदस्य असताना 2025 पर्यंत केवळ पर्ड्यूने, 1999 साली, ते जिंकले.

एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) हा माझा कल आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला त्याची वजावट करता येईल. कॉन्फरन्स स्पर्धेचे 2025 पर्यंतच्या चार वर्षांचे विजेते पाहावेत: 2022 मध्ये एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलायना स्टेट), 2023 मध्ये व्हर्जिनिया टेक, 2024 मध्ये नोटर डेम, 2025 मध्ये ड्यूक. चार वर्षे आणि चार संघ. 2025 च्या साखळीत एनसी स्टेट आणि नोटर डेम अठरापैकी सोळा विजयांवर बरोबरीत राहिले, त्यांचा आपसांतला सामना दोन अतिरिक्त डावांनंतर 104-95 असा एनसी स्टेटने जिंकला, आणि एवढे होऊन स्पर्धेचा करंडक तिसऱ्याच संघाने नेला. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांतही 2022 मध्ये लुईव्हिल, 2023 मध्ये व्हर्जिनिया टेक आणि 2024 मध्ये एनसी स्टेट असे दरवर्षी वेगळे नाव दिसले. दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. त्या तिन्ही संघांना उपांत्य सामन्यात एसईसीच्याच संघाने घरी पाठवले, आणि 2025 मध्ये शेवटपर्यंत टिकलेल्या ड्यूकलाही साउथ कॅरोलायनाने 54-50 असे उपांत्यपूर्व फेरीत रोखले. समतोलाची किंमत म्हणून शिखरावरचा एखादा अजिंक्य संघ या कॉन्फरन्सकडे नाही. नोटर डेमने 2018 मध्ये मिळवलेले विजेतेपद हे तिचे 2025 पर्यंतचे शेवटचे.

बिग 12 मध्ये बदल सर्वांत वेगाने झाला. बेलरने 2011 ते 2022 अशी सलग बारा वर्षे साखळी जिंकली, एवढे एकतर्फी वर्चस्व मोठ्या कॉन्फरन्समध्ये विरळाच. पुढच्या तीन वर्षांत मात्र टेक्सास व ओक्लाहोमा यांच्यात वाटणी, मग एकटे ओक्लाहोमा, मग टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन) असा क्रम लागला. टीसीयूची कथा तर या खेळाच्या सध्याच्या अवस्थेचे सार आहे. जानेवारी 2024 मध्ये दुखापतींमुळे त्यांच्याकडे खेळण्याइतक्या मुलीही उरल्या नव्हत्या. दोन सामने सोडून द्यावे लागले आणि विद्यापीठातील इतर विद्यार्थिनींमधून खेळाडू निवडण्यासाठी खुली चाचणी घ्यावी लागली. पुढच्या वर्षी, लुईव्हिल आणि एलएसयूमध्ये खेळून आलेल्या हेली व्हॅन लिथसारख्या खेळाडूंच्या बळावर, त्याच संघाने साखळी आणि कॉन्फरन्स स्पर्धा दोन्ही जिंकल्या. अशी उलथापालथ पाहायला मजा येते, पण टेक्सास आणि ओक्लाहोमा निघून गेल्याने वरची ताकद ओसरली आहे. 2019 मध्ये बेलर विजेते ठरल्यानंतर 2025 पर्यंत या कॉन्फरन्सचा एकही संघ अंतिम चारांत पोहोचला नाही.

बिग ईस्टबद्दल लिहिताना मुळात यूकॉनबद्दलच (कनेक्टिकट विद्यापीठ) लिहावे लागते. बारा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेला, जिनो ऑरिएमा यांचा हा संघ 2013 ते 2020 या काळात अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये होता आणि साखळी व स्पर्धा मिळून तिथल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्याने 139 सामने जिंकले, हरला एकही नाही. बिग ईस्टमध्ये परतल्यावर फेब्रुवारी 2022 मध्ये व्हिलानोव्हाने त्यांना 72-69 असे हरवले, तेव्हा कॉन्फरन्समधील सलग 169 विजयांची मालिका तुटली. 2023 मध्ये सेंट जॉन्स आणि मार्केटनेही त्यांना धक्के दिले. मात्र 2024 आणि 2025 च्या साखळीत पुन्हा अठरापैकी अठरा विजय. म्हणजे या कॉन्फरन्समध्ये पहिल्या क्रमांकाबद्दल विचारण्यासारखे फारसे काही नाही. खरी झुंज दुसऱ्या क्रमांकासाठी असते. तरीही 2025 मध्ये याच यूकॉनने उपांत्य सामन्यात यूसीएलएला 85-51 आणि अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाला 82-59 असे नमवले. दुबळ्या साखळीत खेळल्याने संघ कच्चा राहतो, हा लाडका युक्तिवाद त्यानंतर तरी आवरता घ्यायला हवा.

मला विचाराल, तर सर्वांत समतोल कॉन्फरन्स आता त्या रूपात अस्तित्वातच नाही. जुन्या पॅक-12 ची स्पर्धा 2023 मध्ये सातव्या मानांकनाच्या वॉशिंग्टन स्टेटने जिंकली होती. 2021 चा राष्ट्रीय अंतिम सामना तिच्याच दोन संघांमध्ये, स्टॅनफर्ड आणि अ‍ॅरिझोना यांच्यात झाला आणि एका गुणाने संपला. 2024 मध्ये, शेवटच्या हंगामात, तिचे पाच संघ अंतिम सोळांत होते. तिला कोर्टवर कोणीही हरवले नाही. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी करारांमागे बारापैकी दहा विद्यापीठे निघून गेली आणि मुलींच्या बास्केटबॉलला त्यात कोणी विचारले नाही. परिणामी आज कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड बॉस्टन कॉलेजशी, तर यूसीएलए न्यू जर्सीतील रटगर्सशी साखळीत खेळते. मागे राहिलेल्या ओरेगॉन स्टेटने वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये आसरा घेऊन 2025 मध्ये तिथली स्पर्धा जिंकली, ही त्यातली दिलाशाची बाजू.

कॉन्फरन्सेसच्या आपसांतल्या समतोलाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण तिथे सुधारणा आणि घसरण एकाच वेळी चालू आहेत. 2009 ते 2016 या आठ राष्ट्रीय स्पर्धांपैकी सहा यूकॉनने जिंकल्या. 2017 ते 2025 दरम्यान, करोनामुळे रद्द झालेली 2020 ची स्पर्धा वगळता, आठ स्पर्धांत सहा वेगवेगळे विजेते आणि पाच वेगवेगळ्या कॉन्फरन्स दिसतात. हे वरच्या थरातले. खालच्या थराची वाट मात्र अरुंद होत आहे: 2025 मध्ये अंतिम सोळा संघ एसईसी, एसीसी, बिग टेन, बिग 12 आणि बिग ईस्ट या पाचांतूनच आले. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या तटस्थ मैदानावर होतात, येथे तसे नाही; पहिल्या सोळा मानांकित संघांना त्या घरच्या प्रेक्षकांसमोर खेळायला मिळतात, आणि 2025 मध्ये त्या सोळांपैकी तेरा पुढे गेले. 2021 पासून खेळाडूंना नाव व प्रतिमेतून कमाईची मुभा आणि वर्ष न गमावता विद्यापीठ बदलण्याची सवलत मिळाल्याने छोट्या कॉन्फरन्सने घडवलेली खेळाडू मोठ्या कॉन्फरन्सला सहज मिळू लागली. 2025 पासून महिलांच्या स्पर्धेतील सहभाग व विजयांसाठी कॉन्फरन्सना पैसेही मिळू लागले, पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर. पुरुषांना ते कित्येक दशके मिळत आले होते. हा न्याय उशिराचा असला तरी न्यायच आहे, पण ज्या कॉन्फरन्सचे बारा संघ स्पर्धेत असतात तिच्याच पदरात अधिक पडणार हेही उघड आहे.

ज्यांना या पैशाच्या शर्यतीचाच कंटाळा आहे, त्यांनी आयव्ही लीग पाहावी. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. 2025 मध्ये साखळी कोलंबियाने, स्पर्धा हार्वर्डने जिंकली आणि प्रिन्स्टनसह तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले. हार्वर्डने 1998 मध्ये सोळाव्या मानांकनावरून अव्वल मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर हरवले होते.

आता निवड. एकच कॉन्फरन्स घ्यायची आणि चुरस हाच निकष असेल तर एसीसी घ्यावी. त्यातही एनसी स्टेट, ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना आणि नोटर डेम यांच्या परस्परांतील सामन्यांपासून सुरुवात करावी. उलथापालथ आवडत असेल आणि शेवटी विजेता आपल्या कॉन्फरन्सचा नसला तरी चालत असेल, तर बिग 12. रविवारी एकच उच्च दर्जाचा सामना पाहून समाधान होत असेल, तर एसईसी, पण वेळापत्रक तपासून: सोळा सामन्यांत पंधरा प्रतिस्पर्धी असल्याने प्रत्येक संघ एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळतो आणि ती जोडी कोणती, यावर क्रमवारी बरीच अवलंबून असते. भारतातून पाहणाऱ्यांसाठी आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, तर लॉस एंजेलिसचा सकाळी साडेआठला. पहाटे उठणे जमत नसेल, तर बिग टेनच्या बाजूने हे एकमेव पण भक्कम कारण ठरू शकते.