पी पॅड, घमेलं आणि नोंदवही: मेथीला शू-शी शिकवतानाचे आठ महिने

मेथी घरी आली तेव्हा जेमतेम आठ आठवड्यांची होती. शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जन्मलेल्या कुत्रीच्या पाच देशी पिल्लांपैकी ही एक. जून संपत आला होता, पुण्यात पाऊस लागला होता आणि आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. त्याच रात्री मी पी पॅडचं, म्हणजे पिल्लाने शू करावी म्हणून लादीवर अंथरायच्या, ओल शोषणाऱ्या चौकोनी पॅडचं, पन्नासचं पाकीट ऑनलाइन मागवलं. आता फेब्रुवारी आहे. अशी सहा पाकिटं आणली, साधारण साडेचार हजार रुपये गेले, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून घरात एकही पॅड अंथरलेलं नाही. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर पाच तारे दिले असते. आज तीन देते.

पॅड घ्यावंच लागलं, कारण लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. पावसाळ्यात त्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या संसर्गाची भर, कारण उंदरांचं मूत साचलेल्या पाण्यात मिसळतं. मेथीचा शेवटचा बूस्टर सोळाव्या आठवड्यात होता. म्हणजे दोन महिने सगळं घरातच उरकायचं. त्या दोन महिन्यांपुरते पॅडला माझ्याकडून पूर्ण गुण.

घेणार असाल तर मोठ्या मापाचं घ्या, ६० बाय ९० सेंटिमीटरचं. लहान मापाचं स्वस्त पडतं, पण पिल्लू पुढचे पाय पॅडवर ठेवून मोकळं होतं आणि धार पडते लादीवर. त्याच्या मते ते बरोबर जागीच उभं असतं, त्यामुळे रागावण्यात अर्थ नाही. पॅड आत बसवायला मिळणारा जाळीचा ट्रे चांगला निघाला. त्याने कडा चावता येत नाहीत. पॅडच्या आत कागदाचा लगदा आणि पाणी शोषून फुगणारी भुकटी असते, ती पिल्लाच्या पोटात जाता कामा नये. मेथीने दुसऱ्याच दिवशी एक पॅड फाडून हॉलभर केलं होतं. ट्रे आल्यावर ते थांबलं. ‘इथेच शू करायला लावणारा’ म्हणून एक स्प्रे मिळतो, त्याचा मात्र आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही.

वापरलेली पॅड्स ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात. सॅनिटरी कचऱ्यावर लाल ठिपका काढून द्यायची पद्धत त्यांनीच पुण्यात रुजवली, तसंच मी ही पॅड्स वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल ठिपका काढून देत होते.

खरा फरक मात्र चाळीस रुपयांच्या वहीने केला. पहिले पाच-सहा दिवस मेथी कुठेही शू करायची आणि आम्ही फडकं घेऊन मागे. मग मी फ्रिजजवळ वही टांगली. उठली किती वाजता, खाल्लं कधी, पाणी, खेळणं, शू, शी, सगळं घड्याळ बघून लिहायचं. नवऱ्याने लिहायचं, मी लिहायचं, सासूबाईंनीही. चौथ्या दिवशी पानं समोर ठेवली तर सगळं उघड झालं. झोपेतून उठली की दोन मिनिटांच्या आत शू. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी शी. खेळता खेळता अचानक थांबून जमीन हुंगत गोल फिरू लागली, की हाताशी अर्धं मिनिटही नाही. जागी असताना दर पाऊण तासाने एकदा. त्यानंतर आम्ही तिच्या मागे धावणं सोडलं आणि तिच्या आधी पॅडवर पोहोचू लागलो. पॅडवर शू झाली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. स्वयंपाकघरात जाऊन आणेपर्यंत वेळ गेला तर बक्षीस कशाचं ते पिल्लाला कळत नाही, म्हणून डबी खिशातच. रात्री दीड आणि साडेचारचा गजर लावत होतो. तीन महिन्यांची झाल्यावर एकच लागला आणि चार महिन्यांनंतर तोही सुटला.

फिनेलवरून आमच्या घरात थोडी धुसफूस झाली. सासूबाईंचं म्हणणं, “अगं, फिनेलशिवाय घर स्वच्छ वाटतच नाही.” त्यांची भावना मला कळत होती. पण आपल्या नाकाला फिनेल येतं, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचं मूत येतच राहतं, आणि ते पुन्हा तिथेच बसतं. शिवाय पिल्लू ओल्या लादीवरून चालून पाय चाटतं, आणि फिनेल पोटात जाणं त्याला घातक. मग मुताचा वासच मोडून काढणारं एन्झाइमवालं क्लीनर आणलं. त्याला माझे पाचपैकी पाच. पण आधी साध्या पाण्याने पुसून घ्यायचं, मग ते सांध्यांमध्ये मुरेल इतकं ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया. फिनेलवरच ओतलं तरी नीट काम करत नाही. देवघरासमोरच्या कोपऱ्यात मेथी रोज जात होती, तो कोपरा तीन दिवसांत सुटला. तेव्हापासून सासूबाईच बाटली संपत आली की आठवण करतात.

आता दोन तारे का कापले ते.

ऑगस्टच्या अखेरीस लसी पूर्ण झाल्या आणि आम्ही मोठ्या उत्साहाने मेथीला खाली नेलं. चाळीस मिनिटं फिरली, सगळं हुंगलं, काही केलं नाही. वर आली आणि थेट पायपुसण्यावर शू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या गोधडीवर. मला रडू आलं होतं त्या दिवशी. मग लक्षात आलं की तिचं काही चुकतच नव्हतं. दोन महिने आपणच तिला शिकवलं होतं, की पायाखाली मऊ, कापडासारखं, चौकोनी काही असलं की मोकळं व्हायचं. पायपुसणं, गोधडी, जाजम, सगळं त्याच व्याख्येत बसतं. पिल्लाच्या पायांना लहानपणी ज्या पृष्ठभागाची सवय लागते ती घट्ट बसते, आणि पॅडच्या पाकिटावर याबद्दल एक ओळही नसते.

ही सवय मोडायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, जवळजवळ तीन महिने. पायपुसणी उचलली. पॅड रोज फूटभर सरकवत बाल्कनीत नेलं. तिथे गवंडी वापरतात तसं मोठं प्लॅस्टिकचं घमेलं ठेवलं, त्यात नर्सरीतून आणलेली माती आणि लॉनचा तुकडा, वर अर्धं कापलेलं पॅड. आठवड्याने पाव पॅड, मग नुसतं गवत. नर्सरीची माती कुत्र्यांच्या वावरापासून दूरची असेल, तर हे घमेलं लसींच्या काळातच सुरू करता आलं असतं. मला कुणी सांगितलं असतं तर मी दोनच पाकिटं पॅड घेतली असती.

खाली न्यायच्या पद्धतीतही एक चूक होती. शू झाली रे झाली की आम्ही तिला लगेच वर आणायचो. तिने त्यातून बरोबर धडा घेतला: शू केली की फिरणं संपतं, म्हणून धरून ठेवायची. आम्ही उलटं केलं. कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचा पट्टा आहे, तिथे तिची दोरी धरून सात-आठ मिनिटं एकाच जागी उभं राहायचं, गप्पा नाहीत, फोन नाही. झाली की “शाब्बास मेथी”, चिकन, आणि मग फिरायला. नाही झाली तर वर येऊन मांडीवर, दहा मिनिटांनी पुन्हा खाली. चौथ्या दिवसापासून ती त्या पट्ट्याकडे ओढू लागली.

दिवाळीत सगळं परत मागे गेलं. फटाक्यांना घाबरून ती संध्याकाळी जिन्यापाशीच बसायची, अंग थरथरायचं. त्या आठवड्यात आम्ही हट्ट केला नाही. घमेलं होतंच, तिथे जाऊ दिलं, पहाटे शांत असताना खाली नेलं. दहा-बारा दिवसांत घडी बसली. मी तिला ओरडले नाही, याचं आजही समाधान वाटतं.

डिसेंबरमध्ये मात्र ओरडले. एका संध्याकाळी तिने घरभर सहा वेळा थेंब-थेंब शू केली आणि मला वाटलं, मुद्दाम करते आहे. डॉक्टरांनी लघवी तपासली तर संसर्ग निघाला. औषधाने आठवड्यात बरी झाली. शिकलेलं पिल्लू अचानक घरात थोडी थोडी, वारंवार शू करू लागलं तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते.

सध्या मेथी सकाळी सव्वासहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सातला आणि रात्री साडेदहाला खाली जाते. सहाव्या पाकिटातली अकरा पॅड्स उरली होती. ती खालच्या मजल्यावर नवीन पिल्लू आलं तेव्हा त्यांना दिली, सोबत वहीतल्या पहिल्या चार पानांचे फोटो.