कोथरूड आणि पौड: पोलिसांची साखळी कुठे बदलते

कोथरूडमधून निघालेला रस्ता पौडला पोचेपर्यंत खाकी तीच राहते, वरचे साहेब मात्र बदलतात. कोथरूड पुणे शहर पोलिसांचं, पौड पुणे ग्रामीणचं.

दोन्ही ठाण्यांत प्रमुख पोलीस निरीक्षकच. खांद्यावर तीन तारे, खाली लाल-निळी फीत. तारे तीनच पण फीत नाही, असे दिसले तर ते शहरात सहायक आयुक्त, ग्रामीणमध्ये उपविभागीय पोलीस अधिकारी. हा बारकावा लक्षात ठेवा, समोर कोण बसलंय ते लगेच कळतं.

त्यावर शहरात उपायुक्त, अपर आयुक्त, सहआयुक्त आणि शेवटी आयुक्त. ग्रामीणची शिडी आखूड: अपर अधीक्षक, मग थेट अधीक्षक. त्यांच्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक.

खरा फरक अधिकारांचा. शहरात जमावबंदीचा आदेश पोलीस आयुक्तालयातूनच निघतो. ग्रामीणमध्ये तो जिल्हाधिकारी किंवा प्रांत काढतात. माझ्या मते ग्रामीणची पद्धत वेळ खाते, पण पोलिसांबाहेरचा एक अधिकारी कागद वाचतो, हे मला मोलाचं वाटतं.

ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार अधीक्षकांना लेखी कळवता येतं. शहरात तोच अर्ज परिमंडळाच्या, म्हणजे काही ठाण्यांच्या गटाच्या, उपायुक्तांकडे द्या. पोच घेतल्याशिवाय मात्र टेबल सोडू नका.